हृदयाचे ठोके आपोआप कसे पडतात? त्यात जनुकांचा काय संबंध?

ठोका उजव्या कर्णिकेतल्या (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातल्या) सायनस नोड या पेशींच्या छोट्या पुंजक्यात सुरू होतो. मेंदूची आज्ञा लागत नाही, मज्जातंतू फक्त वेग कमी-जास्त करतात. या पेशींच्या आवरणात विद्युतभारित कणांना आत-बाहेर जाऊ देणारी प्रथिनांची दारं असतात, त्यांना वाहिन्या म्हणतात. इथे सर्वांत महत्त्वाची वाहिनी एचसीएन४ जनुकापासून बनते. अशा बहुतेक वाहिन्या पेशीतला विद्युतदाब धन दिशेने सरकला की उघडतात. ही मात्र ठोका संपून दाब पुरेसा ऋण झाला की उघडते, सोडियम आत घेते आणि पुढच्या ठोक्याची तयारी सुरू होते. मला ही रचना फार विलक्षण वाटते! ठोका प्रत्यक्ष सुरू करण्याचं पुढचं काम कॅल्शियम वाहिन्यांचं.

एचसीएन४मध्ये दोष असलेल्या काही कुटुंबांत नाडी पिढ्यानपिढ्या मंद आढळते. सीएसीएनए१डी या कॅल्शियम वाहिनीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर मंद नाडीसोबत जन्मजात बहिरेपणाही येतो, कारण तीच वाहिनी कानातही लागते. इव्हाब्रॅडीन हे औषध एचसीएन वाहिन्या अडवूनच ठोके कमी करतं.