जुन्या वाड्याचं कलाकेंद्र करायचंय, मागे वाढीव बांधकामही हवंय. सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पणजोबांनी बांधलेला दोनचौकी वाडा आहे, बरीच वर्षं बंद आहे, मागे परसात मोकळी जागा आहे. तिथे नाटकाच्या तालमी, गाण्याचे वर्ग, चित्रांची प्रदर्शनं आणि अधूनमधून कार्यक्रम व्हावेत असं घरच्यांच्या मनात आहे. आणि कोणीतरी पुढच्या चौकावर छप्पर घालून तीनशे खुर्च्यांचं सभागृह करा म्हणून सुचवलंय.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या लाकडी वाड्यांची दुरुस्ती हेच माझं काम. तेव्हा आडपडदा न ठेवता सांगतो: ते सभागृह वाड्यात करू नका. वाड्याला झेपेल तेवढंच वाड्यात ठेवा. गर्दी, पाणी, विजेचा मुख्य बोर्ड, रुंद जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं ही सगळी ओझी परसातल्या नव्या इमारतीच्या गळ्यात घाला. वाढीव बांधकामाचं खरं काम तेच. एकदा हे ठरलं की पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

कारण साधं आहे. राहत्या घराच्या जमिनीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. जिथे लोक जमतात आणि खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसतात, तिथे ५०० किलो. म्हणजे थेट अडीचपट. तुमच्या माडीची जमीन बहुधा कडीपाटाची असेल: तुळया, त्यावर आडव्या लाकडी कड्या, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. सहा इंच माती धरली तरी चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास वजन तिथे कायमचं बसलेलं आहे. ती माती काढून हलकं काहीतरी भरता येतं, पण खालच्या दालनात वरच्या पावलांचा आवाज जाऊ न देणं आणि आग लागलीच तर ती वर चढायला वेळ लावणं ही कामंही तीच माती करते. म्हणून सरसकट उपसू नका, हिशेब करून ठरवा. माडीवर चित्रांचं प्रदर्शन, दहा-पंधरा जणांचा गाण्याचा वर्ग, वाचनाची खोली चालेल. पुस्तकांची कपाटं मात्र खालीच ठेवा. ग्रंथालयाच्या साठवणीच्या खोलीला मानकात ६०० किलोच्या पुढे भार धरतात. नाचाचे वर्ग आणि लेझीम पथक तर चुकूनही माडीवर नकोत. एका ठेक्यात पडणारी पावलं जमिनीला नुसत्या वजनापेक्षा जास्त हलवतात.

मुंबईतल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचा दाखला तुम्हाला कोणीतरी देईलच. सर कावसजी जहांगीर हॉल १९११ सालचा, त्याच्या पोटात नवे मजले आणि जिने घालून १९९६मध्ये तिथे कलादालन सुरू झालं. काम देखणं आहे, पण ती मुळातच गर्दीसाठी बांधलेली दगडी सार्वजनिक इमारत. तुमच्यासाठी पणजीच्या आल्तिन्यावरचं 'सुनापरांत' बघून येणं जास्त उपयोगाचं. जुनं पोर्तुगीजकालीन घर, मधला मोकळा चौक, भोवती प्रदर्शनाची दालनं. २००९पासून ते कलाकेंद्र चालू आहे आणि आत गेल्यावर घरात आल्यासारखंच वाटतं. पुण्यात १८०७ सालचा विश्रामबागवाडा आहे. पेशवाई गेल्यावर १८२१मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. खण (दोन खांबांमधली जागा) आणि चौक यांच्या मापात बसणारा वापर दिला तर वाडा निमूट साथ देतो.

आता सुरुवात. सगळ्यात आधी मोजणी. प्रत्येक खांबाला, तुळईला, दाराला नंबर द्या, फोटो काढा, नकाशा करून घ्या. मग एक टोच्या आणि लाकडी हातोडी घेऊन खाली बसा. खांब वरून कितीही तुकतुकीत दिसो, दुखणं असतं बुडाशी, जिथे तो दगडी तळखड्यावर टेकतो तिथे. हातोडीने वरून खाली ठोकत या. सागवान निरोगी असेल तर खणखणीत वाजतं, पोकळ असेल तर आवाज बसतो. तिथे टोच्या लावा. अर्धा इंचही आत न जाता अडला तर चिंता नाही. बोटभर घुसला आणि बाहेर काढताना भुसा आला, तर वाळवी किंवा ओल आत पोचली आहे. एवढ्यावरून खांब बदलायची घाई नको. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, जॅकने भार अगदी किंचित उचलायचा, कुजलेला भाग कापायचा आणि जुन्या सागवानाचाच जोड खाच पाडून बसवायचा. चांगला सुतार हे काम इतकं सफाईने करतो की रंगरोगण झाल्यावर सांधा शोधावा लागतो. जुनं सागवान पाडलेल्या वाड्यांच्या वखारीत मिळतं. नवं कच्चं लाकूड घेतलंत तर पहिल्याच उन्हाळ्यात सांध्याला भेग पडेल.

भिंतीत गेलेली तुळयांची टोकं याहून फसवी, कारण ती दिसतच नाहीत. मागे कधीतरी कोणी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल (बहुतेक वाड्यांत केलेला असतो, आणि तो करणाऱ्याने घराचं भलंच केलं असं घरच्यांना वाटत असतं), तर तिथून संशय घ्या. माती-विटांची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंट तिचं सोडणं बंद करतं, आणि आत अडकलेलं पाणी नेमकं तुळईच्या टोकाशी मुरत राहतं. तो गिलावा काढून चुन्याचा करा. चुना मुरवायला वेळ लागतो, घट्ट व्हायलाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो. ठेकेदार कुरकुर करेल, चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी कशाला म्हणून हसेलही. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना हाताळलेला गवंडी मिळेपर्यंत थांबलात तर बरं.

या सगळ्याच्याही आधी छप्पर. वाड्याचा पहिला पैसा कौलांवर खर्च व्हायला हवा. फुटकी कौलं, सरकलेले रीप, आणि मुख्य म्हणजे पन्हळी. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीत पाला साचून वाडे पडलेत, भूकंपाने पडले नसतील तेवढे. पुढच्या पावसाळ्याआधी निदान शाकारणी करून घ्या, बाकी काही झालं नाही तरी चालेल.

चौकावर फायबरचा पत्रा टाकू नका. वाड्याचा श्वास त्या चौकातूनच चालतो. तो झाकला की उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात बुरशी. चौक उघडाच ठेवून ओसरीवर गायक आणि चौकात सतरंजीवर ऐंशी-शंभर माणसं अशी बैठक बसवून बघा, माइकची गरजही फारशी लागत नाही. चार महिने पावसाचे जातात, तेव्हाचे कार्यक्रम मागच्या नव्या दालनात.

ते नवं दालन वाड्याला चिकटवून बांधू नका. जुन्या भिंतीचा पाया उथळ असतो, त्याच्या कुशीत खड्डा खणलात की भिंत खचते. थोडं लांब सरकून स्वतंत्र पाया, आणि मधे मोकळी फट. तुमचा भाग कोयनेच्या १९६७च्या भूकंपाची आठवण असलेला. लाकडी सांगाडा आणि काँक्रीटची चौकट हादऱ्यात वेगवेगळ्या तालात हलतात, मधे जागा नसेल तर एकमेकांवर आपटतात. नव्या इमारतीचं छप्पर जुन्यात घुसवू नका, नाहीतर आणखी एक पन्हळ जन्माला घालाल. दोहोंना जोडायला माडीच्या पातळीवर एक हलका लोखंडी पूल पुरतो. त्याने आणखी एक काम होतं. वाड्याचा जिना भिंतीच्या जाडीत असणार, अंधारा, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. लोकांना माडीवर न्यायचं तर बाहेर पडायला दुसरी वाट हवीच. ती या पुलावरून नव्या जिन्याला. व्हीलचेअरवरचा माणूसही लिफ्टने वर येऊन त्याच पुलावरून माडीवर पोचतो, म्हणजे जुने उंबरठे तोडावे लागत नाहीत.

नव्या इमारतीला खोटे सुरूदार खांब आणि कमानी लावून ती पेशवाईतली दाखवायची हौस मात्र आवरा. संवर्धनाच्या क्षेत्रात १९६४च्या व्हेनिस सनदेपासून (जुन्या वास्तू जपण्याच्या तत्त्वांचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज) मानलं गेलंय की नवी भर ओळखू यावी. उंची वाड्यापेक्षा कमी, रंग शांत, एवढं पाळलं तरी खूप झालं.

आगीबद्दल हात आखडता घेऊ नका. १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचं लाकूडकाम गेलं, आज आपण बघतो ती दगडी जोती आणि तट. इतकं मागे जायला नको: कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५मध्ये उभारलेलं, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. लाकडाच्या वास्तूत रंगमंचाचे दिवे, पडदे आणि जुनी वायर एकत्र आणणं म्हणजे काय हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. वाड्यातली सगळी जुनी वायरिंग काढून टाका. नवी वायर लोखंडी पाइपातून, भिंतीवरून उघडी न्या. मातीच्या भिंती खोदायच्या नाहीत आणि कडीपाटाच्या फटीतून तर वायर अजिबात नाही. दिवे एलईडी. रंगमंचाचे दिवे आणि स्वयंपाकाचा गॅस दोन्ही नव्या बाजूला. चित्रं टांगायला भिंतीत खिळे न ठोकता तुळईखाली एक पट्टी लावून तिला तारा सोडा.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण तो वकिलाचा प्रांत. मिळकत पत्रिकेवर आजही पणजोबांचं नाव असेल तर आधी वारसनोंदी लावा आणि सगळ्या भाऊबंदांच्या सह्या घ्या. एक चुलतभाऊ पुण्याहून नोटीस पाठवतो आणि काम वर्षभर ठप्प होतं, हे मी पाहिलेलं आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, तेव्हा जवळपास तसं देऊळ वा किल्ला आहे का ते बघा. वाडा नगरपरिषदेच्या वारसा यादीत आहे का तेही. ट्रस्ट करणार असाल तर वाडा लगेच ट्रस्टच्या नावावर न करता नोंदणीकृत भाडेपट्ट्याने द्यावा असं माझं मत. एकदा ट्रस्टची मालमत्ता झाली की ती विकायला किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दुसऱ्या बाजूने, मोठे देणगीदार मालकी ट्रस्टची नसेल तर बिचकतात. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामांवरच्या खर्चाच्या, यादीत ऐतिहासिक वास्तूंचं जतन आणि कला हा विषय आहे, पण ते नोंदणी आणि हिशेब बघितल्याशिवाय दारात उभं करत नाहीत.

ठेकेदाराला एकरकमी ठेका देऊ नका. छत उघडल्याशिवाय आत काय कुजलंय हे कोणालाच कळत नाही, आणि एकरकमी ठेक्यात कुजलेली तुळई रंगाखाली झाकली जाते. कामाच्या बाबीनुसार दर ठरवा, मोजमाप करून बिल द्या, आणि अंदाजपत्रकाची किमान पाव रक्कम बाजूला ठेवा. सगळं पूर्ण होईपर्यंत दार बंद ठेवायचीही गरज नाही. छप्पर आणि पुढची ओसरी सुरक्षित झाली की तिथे गावातल्या भजनी मंडळाला आणि चित्रकलेच्या सरांना आठवड्यातले दोन दिवस द्या. कोण नेमाने येतं, किती वाजता येतं, पाणी कुठे लागतं, चपला कुठे काढतात, हे बघून मग मागच्या इमारतीचा नकाशा पक्का करा. आणि किल्ली कोणाकडे राहणार, रोज झाडलोट कोण करणार, त्या माणसाचा पगार कुठून येणार, हे त्या नकाशाच्याही आधी ठरवून टाका.