पाच टक्के, मग मुक्काम

प्रिय,

तुझं पत्र वाचलं, सोबतचे रिपोर्टही पाहिले. ‘सगळं करते तरी काटा हलत नाही’ असं लिहिलं आहेस. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संप्रेरकांच्या गडबडीमुळे पाळी लांबणं, पुरळ, जास्त केस असा त्रास) असलेल्या कित्येक मुली अगदी हेच म्हणतात. त्यात तथ्य असतं, पण ‘सगळं’ या शब्दाखाली नेमकं काय काय दडलंय ते उलगडून बघावं लागतं.

आधी तुझ्या 56 किलोच्या आकड्याबद्दल. आज वजन 76, म्हणजे 20 किलो उतरवायचे. तो आकडा तूर्त बाजूला ठेव. पीसीओएसमध्ये मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के घट झाली तरी पाळीचं चक्र सुधारू शकतं आणि शरीर इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागतं. तुझ्यासाठी 5 टक्के म्हणजे 3.8 किलो. पहिला टप्पा तेवढाच धर. 72 च्या आसपास आलीस की तीन महिने तिथेच मुक्काम कर. या तीन महिन्यांत वजन उतरवायचं नाही, फक्त चढू द्यायचं नाही. हा भाग बहुतेक जणी गाळतात. मग वर्षभराने पुन्हा 76 वर येऊन ‘माझं शरीरच असलं’ म्हणतात.

सोनोग्राफीतल्या ‘सिस्ट’ शब्दाने घाबरली आहेस. त्या गाठी नव्हेत. 2 ते 9 मिलिमीटरच्या, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका, म्हणजे अंडाशयात बीज ज्यात वाढतं त्या इवल्या पिशव्या आहेत. त्या काढायच्या किंवा विरघळवायच्या नसतात, त्यामुळे ‘सिस्ट विरघळवणाऱ्या’ पावडरींवर पैसे घालवू नकोस. धाकट्या बहिणीचीही सोनोग्राफी करू का, असं विचारलंयस. पाळी सुरू होऊन 8 वर्षं झाली नसतील तर पीसीओएसचं निदान सोनोग्राफीवरून करत नाहीत, कारण त्या वयात बीजपुटिका जास्त दिसणं स्वाभाविक असतं. पाळी अनियमित असेल आणि अंगावर जास्त लव किंवा हट्टी पुरळ असेल, तर तिला डॉक्टरांकडे ने.

आता मूळ गोम. पीसीओएस असलेल्या अनेकींच्या पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. हे वाढीव इन्शुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. शिवाय या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवू लागतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस, पुरळ, लांबलेली पाळी यांचा धागा इथे जुळतो. पोटाभोवतीची चरबी हा इन्शुलिनचा गोंधळ आणखी वाढवते. थोडं वजन उतरल्यावरही फरक का पडतो, ते यावरून लक्षात येईल. आणि सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो, तेव्हा ‘खाल्ल्यामुळे झालं’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

उपाशीपोटी साखर नॉर्मल आली म्हणून निर्धास्त झालेली दिसतेस. पीसीओएसमध्ये त्या एका तपासणीतून बऱ्याच गोष्टी निसटतात. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होते ती चाचणी जास्त विश्वासाची, ती करून मिळेल का विचार. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) तपासलेलं नसेल तर तेही. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची नोंदही असू दे.

जेवणाकडे येऊ. ग्लूटेन बंद, दूध बंद, कार्बोहायड्रेट बंद, सोळा तास उपास, हे सगळं तू थोडं थोडं करून पाहिलंस. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की पीसीओएससाठी कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जो तू महिनोन् महिने निभावू शकशील तो चांगला. गहू किंवा दूध तुला खरोखर सोसत नसेल तर गोष्ट वेगळी.

हिशेब मात्र चुकत नाही. रोजच्या गरजेपेक्षा साधारण 500 कॅलरी कमी, एवढी तूट पुरे. आता तुझा आठवडा बघ. सोमवार ते शुक्रवार 500 ची तूट, म्हणजे 2500. शनिवार-रविवारी रोज 1000 जास्त धर, म्हणजे 2000 परत आत. आठवड्याची तूट उरली 500. पाच दिवस जीव मारलास आणि हाती लागली एका दिवसाची कमाई. तू पाठवलेल्या जेवणाच्या नोंदवहीत शनिवार-रविवारची पानं कोरी आहेत, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

दुसरी गळती तेलाची. एक मोठा चमचा, 15 मिलिलिटर, म्हणजे जवळपास 120 कॅलरी. बाटलीतून थेट कढईत ओतलं की दोन चमचे कधी जास्त पडले ते कळत नाही. दोन आठवडे तरी चमच्याने मोजून घाल. सुकामेव्याचंही तसंच. 30 ग्रॅम म्हणजे 170-180 कॅलरी, आणि मूठ भरली की 30 च्या वर जातं. हे पदार्थ वाईट नाहीत, फक्त ‘पौष्टिक’ म्हटलं की कुणी मोजत नाही.

प्रथिनांचा हिशेब सगळ्यात जास्त फसतो. दर किलो वजनामागे 1.2 ग्रॅम धरलं तर तुला दिवसाला 90 च्या आसपास लागतील. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरव. आता तुझं ताट. एका अंड्यात 6 ग्रॅम. वाटीभर पातळ शिजवलेल्या डाळीत कोरडी डाळ असते जेमतेम 30 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं 7. साधं दही 200 ग्रॅम घेतलंस तर पुन्हा 7 च्या आसपास. दुपारी डाळ आणि दही घेऊन ‘आज भरपूर प्रथिनं झाली’ असं लिहिलं आहेस, ती झाली 14. प्रत्येक जेवणात 25 ते 30 हवीत. म्हणजे डाळ घट्ट आणि दुप्पट, सोबत अंडी, टोफू, मासे किंवा चिकन यांतलं जे खात असशील ते. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात.

ताट अर्धं भाज्यांचं, पाव प्रथिनांचं, पाव धान्याचं. खाताना भाजी आणि प्रथिनांचे पदार्थ आधी, भात किंवा पोळी शेवटी. एवढ्या क्रमबदलानेही जेवणानंतरची साखर कमी उसळते. फळ चावून खा, रस काढू नकोस. धान्य पूर्ण बंद करू नकोस. तसं केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन किलो उतरतात ते मुख्यतः पाणी असतं, आणि पहिल्याच भाताबरोबर ते परत येतं.

मागच्या उन्हाळ्यात तू सहा आठवडे 900 कॅलरींवर होतीस. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळाले आणि तू ते पीसीओएसच्या खात्यावर टाकलंस. कडक उपासमारीनंतर इतक्याच अंतराने असे केस गळतात. पीसीओएसमधलं केस विरळ होणं भांगापाशी, हळूहळू होतं. उगाच अंदाज बांधत बसू नकोस, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा) तपासून घे. शिवाय फार कमी खाल्ल्याने मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेतच मंदावतात आणि पाळी वेगळ्याच कारणाने बंद होऊ शकते. म्हणजे एक दुखणं कमी करायला जाऊन दुसरं जोडून घेणं.

व्यायामात तू फक्त चालतेस. चालणं सोडू नकोस, पण स्नायूंवर भार टाक. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न पाहता आत घेतो. ज्या शरीरात इन्शुलिनच नीट ऐकलं जात नाही, तिथे ही मागची वाट फार मोलाची. जेवण झाल्यावर 10-15 मिनिटं चालण्याचा फायदाही त्यातूनच येतो. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला मध्यम गतीचा किमान 250 मिनिटं व्यायाम सुचवलेला आहे, आणि सलग नसलेल्या दोन दिवशी ताकदीचा. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशी. एकदम 250 वर उडी मारू नकोस, 120 पासून सुरू करून दर आठवड्याला 20-20 वाढव.

ताकदीचे दिवस समज मंगळवार आणि शुक्रवार. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला किंवा टेबलाला टेकून पुशअप, रबरी बँड ओढून पाठीचा व्यायाम, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन खोलीत फेऱ्या. फेऱ्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तीन, बाकी प्रत्येकाच्या 8 ते 12 वेळा अशा तीन खेपा, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. शेवटची दोन आवर्तनं जड जायला हवीत. तिन्ही खेपांत 12 सहज जमले की पुढच्या वेळी भार वाढव. खुर्चीवरून उठताना गुडघे आत वळत असतील तर भार वाढवायची घाई करू नकोस, आधी ते सरळ कर. पहिल्या आठवड्यात अंग दुखेल आणि काटा किलोभर वर जाईल. दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. नेमक्या याच आठवड्यात व्यायाम सोडणाऱ्या पुष्कळ असतात.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी घे. रोजच्या आकड्याकडे बघू नकोस, सात दिवसांची सरासरी काढ. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी सहज चढतं. नियमित पाळी असणारीला ते ओळखता येतं, तुझी 45 दिवसांनी येते की 70, याचा भरवसा नसल्याने तुला येत नाही. म्हणून किमान चार आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्याशिवाय ‘हलत नाही’ असा निकाल द्यायचा नाही. रोज काट्यावर उभं राहून दिवस बिघडत असेल, तर तो माळ्यावर टाक आणि फक्त कंबर मोज. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधे टेप धर, श्वास सहज सोडून दे, टेप आवळू नकोस. महिन्यातून दोनदा पुरे. वजन तेच आणि कंबर 3 सेंटिमीटर कमी, तर काम चालू आहे.

वहीत पाळीच्या तारखाही लिही. 90 दिवस पाळी आली नाही तर, गर्भधारणा नाही ना हे बघून, डॉक्टरांकडे जा. रक्तस्राव न होता गर्भाशयाचं अस्तर महिनोन् महिने जाड होत राहणं चांगलं नाही, आणि त्यावर गोळ्यांचा साधा उपाय आहे. उलट, वजन थोडं उतरलं की बीज सुटणं पुन्हा सुरू होऊ शकतं, तेही पाळी यायच्या आधी. ‘पीसीओएस आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत’ या भरवशावर राहू नकोस.

मेटफॉर्मिनबद्दल, म्हणजे मधुमेहातही देतात त्या गोळीबद्दल विचारलंस. इन्शुलिनच्या बाजूने त्याचा उपयोग आहे, वजनावर परिणाम माफक. पोट बिघडतं म्हणून अनेक जणी आठवड्यातच सोडतात. साधारणपणे 500 मिलिग्रॅमपासून जेवणासोबत सुरू करून एक-दोन आठवड्यांनी 500 ने वाढवत नेतात, औषध हळूहळू सोडणारी गोळी जास्त सोसते. तुला थेट मोठा डोस लिहून दिला असेल तर हे विचार. वर्षानुवर्षं घ्यायची झाली तर बी-12 तपासत राहायला हवं. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव म्हणजे त्या गोळ्या मध्ये थांबल्याची प्रतिक्रिया असते, त्यावरून ‘बरं झालं’ असं धरू नकोस. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं प्रभावी आहेत, पण बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं, आणि ती चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधन लागतं. तो निर्णय तुझ्या डॉक्टरांसोबतच, मैत्रिणीच्या अनुभवावरून नाही. इनोसिटॉल या पूरकाने वजन उतरेल अशी आशा ठेवू नकोस.

पत्राच्या शेवटी, जवळजवळ लपवून, लिहिलंयस की रात्री अकरानंतर हाताला लागेल ते खात सुटतेस आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहतेस. मला वाटतं, सुरुवात इथून करायला हवी. दिवसा कमी खाल्लेलं रात्री वसूल होतं, म्हणून दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवू नकोस, कितीही अपराधी वाटलं तरी. हे आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि खाताना ताबा सुटल्यासारखं वाटत असेल, तर कॅलरी मोजणं आत्ता बंद कर आणि समुपदेशकाला भेट. पीसीओएसमध्ये नैराश्य, चिंता आणि खाण्याच्या विकारांचं प्रमाण जास्त आढळतं, डॉक्टरांना हे नवं नसतं. आई म्हणते तू घोरतेस, आणि सात तास झोपूनही दिवसा पेंगतेस. तेही भेटीत सांग, झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करता येते.

येत्या सोमवारपासून तीनच गोष्टी: नाश्त्यात 25 ग्रॅम प्रथिनं, रात्रीच्या जेवणानंतर 15 मिनिटं चालणं, मंगळवार-शुक्रवार ताकदीचा व्यायाम. जेवणातली तूट आणि बाकीचं सगळं दोन आठवड्यांनी. वहीच्या पानांचे फोटो काढून पाठव, शनिवार-रविवारसकट.

तुझी,
ताई