व्यक्तिमत्त्व विकारांच्या मराठी प्रश्नावलीचा क्रॉनबॅक अल्फा ०.८५ आला. म्हणजे ती वैध झाली का, जे मोजायचं तेच मोजते असं म्हणता येईल का? (नमुना: कोल्हापुरातले कॉलेज विद्यार्थी)

नाही. अल्फावरून एवढंच कळतं की प्रश्न एकमेकांशी जुळतात. एकच प्रश्न शब्द फिरवून दहादा विचारलात तरी अल्फा नादखुळा येईल.

वैधतेसाठी बाहेरचा निकष हवा. इथे तो म्हणजे एससीआयडी-५-पीडी किंवा आयपीडीईसारखी रचित मुलाखत, म्हणजे तज्ज्ञाने ठरलेले प्रश्न विचारून केलेलं निदान. आणि मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण आधी कळता कामा नयेत. नुसते विद्यार्थी घेऊन भागणार नाही. सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीतले रुग्णही लागतील, म्हणजे नैतिक समितीची परवानगी आधी काढा, तिला वेळ लागतो.

मग आकडे बघा. समजा १०० जणांत १० जणांना विकार आहे, प्रश्नावलीची संवेदनशीलता (विकार असलेल्यांना पकडणं) ९० टक्के, विशिष्टता (निरोगींना सोडणं) ७० टक्के. खरे ९ सापडतील, पण निरोगी २७ जणही अडकतील. पकडलेल्या ३६ पैकी खरे ९, चारात एक! पीडीक्यू-४ या व्यक्तिमत्त्व विकारांच्या प्रश्नावलीवरची जुनी तक्रार हीच. चाळणी म्हणून चालेल, निदान म्हणून नाही.

प्रत्येक विधान वेगळं तपासा. 'मोठा निर्णय घरच्यांना विचारल्याशिवाय घेत नाही' याला गंगावेशीतल्या एकत्र कुटुंबातली मुलगी 'होय' म्हणणारच. तो परावलंबी व्यक्तिमत्त्व विकार कसा?

आणि सोबत नैराश्याची एखादी छोटी मापनी द्याच. माणूस त्या काळात खचलेला असेल, तर व्यक्तिमत्त्वाचे गुण उगाच फुगतात.