जुनी शिडाची होडी पहिल्यांदाच घेताना काय तपासावे?

गोसीखुर्दच्या जलाशयासाठी डागडुजी केलेली जुनी लाकडी शिडाची होडी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. अवश्य घ्यावी, मात्र ताज्या रंगावर भाळू नये, कारण कुजलेले लाकूड नेमके त्याखालीच झाकले जाते. विक्रेत्याला विचारून तळाचा मुख्य वासा आणि डोलकाठीचा बुडखा दाभणाने टोचून पाहावा. टोक सहज आत रुतले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काठावर पडून राहिलेल्या होडीच्या फळ्या आकसतात, त्यामुळे पाण्यात उतरवल्यावर सुरुवातीला थोडे झिरपणे स्वाभाविक आहे. परंतु फळ्या फुगल्यानंतर, दोन-तीन दिवसांनीही पाणी येतच राहिले, तर दोष गंभीर समजावा. होडी चालवण्याच्या परवानगीची चौकशी जलसंपदा विभागाकडे आधीच करावी. लाइफ जॅकेटमध्ये काटकसर मुळीच करू नये.