‘मॅडम, सोसायटीत सांगायचं का हो?’

कोथरूडच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा घराची किल्ली मुठीत होती. नवऱ्याला, आप्पांना, आत ठेवून बाहेरून कुलूप लावून आल्या होत्या. लगेच परतायचं होतं, म्हणून बसता बसताच विचारलं, “मॅडम, सोसायटीत सांगायचं का हो? लोक वेडे म्हणतील यांना.”

विसरण्याचा आजार असलेल्यांच्या घरून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. (काकूंच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आप्पा 76 वर्षांचे, छापखान्यात आयुष्य गेलेलं. निदान अल्झायमरचं. बी-12 आणि थायरॉइड तपासून झालं होतं. विसराळूपणामागे कधी कधी तेही असतं आणि औषधाने सुधारतं, म्हणून मी आधी ते विचारते. संध्याकाळचे पाच वाजले की आप्पा पिशवी घेऊन “घरी जातो” म्हणत निघायचे. घर म्हणजे नारायण पेठेतला वाडा. 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुरात तो पडला, तेव्हा आप्पा 13 वर्षांचे होते. वाटेत डेअरीतून दूध उचलायचे, पैसे द्यायचे राहायचे. एकदा डेअरीवाल्याने चारचौघांत हटकलं. कुलूप आलं ते त्यानंतर.

पहिला सल्ला माझा चुकला. सोसायटीची सभा घ्या म्हटलं आणि बोलायला मीच गेले. देशात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असल्याचा अंदाज आहे, वगैरे सांगितलं. माना डोलल्या, चहा झाला. शेवटी एक सभासद म्हणाले, “मग त्यांना गेटबाहेर सोडू नका, असं वॉचमनला लेखीच देऊ.” अर्ध्या तासाच्या भाषणाचं हे फळ!

मग काकू आणि मी माणसं मोजायला बसलो. आप्पांच्या रोजच्या वाटेवर कोण कोण? वॉचमन, डेअरीवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचे रिक्षावाले, शेजारच्या वहिनी. एवढ्यांनाच सांगायचं. बाकीच्यांना कळेल तेव्हा कळेल. वाक्य आम्ही घोकून घेतलं: “यांना मेंदूचा, विसरण्याचा आजार आहे. एकटे दिसले तर गप्पा मारत थांबवा आणि मला फोन करा.” ‘म्हातारचळ’ नाही, ‘साठी बुद्धी नाठी’ नाही. शब्दांनी फरक पडतो. जपानने तर 2004 मध्ये या आजाराचं हिणवणारं जुनं नावच बदललं आणि 2005 पासून सामान्य माणसांना त्याबद्दल दीड-दीड तासाचं शिक्षण द्यायला घेतलं. आमच्या डेअरीवाल्याने दहा मिनिटं दिली, तीही गिऱ्हाईक करत करत. पुरली. आता वही आहे. आप्पांनी दिवसात तिसऱ्यांदा दूध नेलं तर तो देतो, आणि रात्री त्याचा पोरगा ती पिशवी परत घेऊन जातो. काकूंनी आप्पांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला आतून फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवली.

सगळ्यात जड गेलं ते एक वाक्य बंद करणं. “आप्पा, ओळखलंत का? सांगा पाहू मी कोण!” आपल्याकडे ही मायेची पद्धत. वहिनी तर रोज दारात विचारायच्या. आप्पा हसायचे, उत्तर नसायचं, आणि मग तासभर काकूंवर चिडचिड. वहिनींना सांगितलं: समोरून या, आपणच नाव सांगा, एका वेळी एकच विचारा आणि उत्तराला वेळ द्या. त्या आधी दुखावल्या. पंधरा दिवस बोलल्या नाहीत. नंतर स्वतःच दारात उभ्या राहून म्हणाल्या, “आप्पा, मी समोरची मंदा. लिंबाचं लोणचं आणलंय.” लिंबाचं आप्पांना आठवतं.

ते लेखी देणारे सभासद मात्र अजून लिफ्टमध्ये आप्पांना पाहून मोबाइल काढतात. असो.

वॉचमनला मी एवढंच शिकवलं होतं की ‘वाडा केव्हाच पडला’ असं म्हणायचं नाही. वाद घालून आप्पा थांबत नाहीत, घाबरतात. वाड्याबद्दल विचारायचं, चार पावलं सोबत चालायचं, बोलता बोलता वळायचं. गेल्या महिन्यात काकू आल्या तेव्हा किल्ली पर्समध्ये होती. म्हणाल्या, “वॉचमनने काल विचारलं, वाड्यात काय काय होतं? तर हे म्हणे, माळ्यावर माझा पतंगांचा गठ्ठा होता, तो काढायला आई जाऊ देईना. पन्नास वर्षं संसार केला, मॅडम, पतंगांचं मला कधी बोलले नव्हते.”