स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला पहिल्यांदा सलूनमध्ये नेण्यापूर्वी सामाजिक गोष्ट कशी तयार करावी?

आजवर मुलाचे केस घरीच कापले आणि आता त्याला सलूनमध्ये न्यायचे आहे, असे आपण लिहिले आहे. अशा प्रसंगी सामाजिक गोष्ट, म्हणजे येऊ घातलेला प्रसंग मुलाला सोप्या वाक्यांत सांगणारी छोटी गोष्ट (सोशल स्टोरी), उपयोगी पडू शकते. मात्र ती मुलाला वळण लावण्यासाठी नव्हे, तर तिथे नेमके काय घडेल हे त्याला आधी कळावे म्हणून लिहायची असते. अमेरिकी शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली. वर्णनाची वाक्ये सूचनांच्या किमान दुप्पट असावीत, असा त्यांचा आग्रह आहे.

त्याच सलूनचे, त्याच खुर्चीचे फोटो काढा आणि प्रत्येक फोटोखाली एकदोनच वाक्ये लिहा: ‘काका माझ्या गळ्याभोवती कापड बांधतील. केसांवर पाणी फवारतील. मशीनचा घुर्रर्र आवाज होईल. नको वाटले तर मी हात वर करू शकतो.’ हे शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. पण हात वर होताच मशीन खरोखर थांबेल, हे केस कापणाऱ्यांशी आधीच बोलून ठरवायला हवे. ‘अजिबात टोचणार नाही’ असे आश्वासन कृपया देऊ नका, कारण मानेवर पडलेले बारीक केस टोचले, की मुलाचा गोष्टीवरचा विश्वास उडतो. पाळी येईपर्यंत थांबावे लागण्याची शक्यता असेल, तर ‘कदाचित’ हा शब्द वापरून तेही सांगा.

काही दिवस आधीपासून, मूल शांत असताना गोष्ट वाचा. आवाज त्याला मुळातच असह्य होत असेल, तर गोष्टीने तो त्रास कमी होणार नाही. तेव्हा केस कात्रीनेच कापून घ्यावेत.