आईबद्दल पाच मिनिटं काय बोलू?

प्रश्न : नमस्कार बाई. मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे, सात रस्त्याजवळ राहतो. आमची आई गेल्या महिन्यात गेली. 92 वर्षांची होती. तिचं माहेर श्रीरामपूरजवळचं हरेगाव. 1951 साली लग्न होऊन सोलापुरात आली आणि इथलीच झाली. वडील लोको शेडमध्ये होते. आम्ही पाच भावंडं, अकरा नातवंडं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, आहे. फादर म्हणाले, मिस्सेत नको, नंतर हॉलमध्ये पाच मिनिटं बोला. जरा वाईट वाटलं. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा "प्रेमळ, सोशिक, धर्मनिष्ठ" एवढंच उतरलं. वाचून बायको म्हणाली, यात आई कुठे आहे?

आईचं म्हणजे जपमाळ. एक दिवस चुकली नाही. नळाला रात्री अडीचला पाणी आलं तरी उठायची आणि घागरी भरता भरता बोटांवर जप करायची. शेवटी एक दशक, म्हणजे दहा प्रार्थनांचा एक फेरा, जास्तीचं, "बाहेर असलेल्यांसाठी" म्हणायची. डिसेंबर 1964 मध्ये पोप मुंबईला आले तेव्हा आम्हा दोघा भावांना घेऊन रेल्वेच्या पासवर गेली होती. गर्दीत नुसत्या माणसांच्या पाठी बघून आलो, पण ते ती जन्मभर सांगायची. जपाच्या प्रत्येक दशकाला येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा, त्याला रहस्य म्हणतात. गुरुवारची नवी रहस्यं माझ्या पुतण्याने 2003 साली कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. तो कागद कपाटाच्या दाराला आतून अजून चिकटलेला आहे. पुढे पुढे गुरुवारी एक दशक झालं की ती मधेच गप्प व्हायची. वय झालं, असं आम्ही समजायचो.

एक गोष्ट बोलावी की नाही कळत नाही. धाकट्या बहिणीने 1994 साली परधर्मातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. आई गेली नाही, आणि पुढे दहा वर्षं तिच्याशी बोलली नाही. 2004 च्या मे महिन्यात बहीण मुलाला घेऊन भर दुपारी दारात उभी राहिली. आई एवढंच म्हणाली, "जेवलीस का?" तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. हॉलमध्ये गल्लीतले सगळे येणार, पद्मशाली, लिंगायत, मुसलमान. त्यांच्यासमोर हे काढू का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर : फादरांबद्दल मनात काही ठेवू नका. अंत्यविधीच्या मिस्सेतलं प्रवचन मृताच्या गौरवाचं नसावं, असा चर्चचा नियमच आहे. तिथे पुनरुत्थानाच्या आशेबद्दल बोलायचं आणि गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची. घरच्या कुणाला दोन शब्द बोलायचेच असतील तर कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेतल्यानंतरच्या प्रार्थनेला जोडून, अंतिम निरोपाच्या आधी बोलता येतात. महिन्याच्या मिस्सेत तो निरोपाचा विधी नसतो. म्हणून हॉलच बरा. तिथे घाई नसते, आणि ज्यांना आपली मिस्सा कळत नाही ते शेजारीही मोकळेपणाने बसतात.

या नियमामागचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. आई थेट स्वर्गात गेली, असं आपण ठरवून टाकत नाही. तिच्यासाठी मागतो. तुमच्या आईने किती वर्षं 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्त्या लावल्या असतील, नोव्हेंबरभर सासू-सासऱ्यांच्या नावाने मिस्सा दिल्या असतील. तिला तुमच्याकडून तेच हवं असणार. तेव्हा हॉलमध्ये तिला संत करू नका. संत केलं की तिच्यासाठी प्रार्थना करायचं कुणाला सुचणार नाही.

मीही रेल्वे लाइन्समध्ये वाढले. 1998 साली माझी आई गेली तेव्हा मी दहा मिनिटं बोलले. पंचवीस वर्षं मराठी शिकवत होते, विशेषणांना तोटा नव्हता. बोलून झाल्यावर आमच्या गल्लीतली तेलुगू अव्वा जवळ आली. ती घरी विड्या वळायची. माझा हात धरून म्हणाली, "पोरी, पावसाळ्यात माझी बोटं धरायची. तुझी आई सकाळची मिस्सा करून यायची आणि माझी पानं कातरून द्यायची. हजार विड्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून." मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं. माझ्या दहा मिनिटांतलं एक वाक्य आज कुणाला आठवत नाही, मलाही नाही. अव्वाचं आठवतं. त्या दिवशी आधी तिला विचारून मग बोलले असते तर, हे अजून मनात येतं.

म्हणून या आठवड्यात लिहायला बसू नका, आधी शेजारी जा. पाणी आल्यावर आई कुणाकुणाची कडी वाजवायची, नाताळच्या करंज्यांचं ताट कुणाकडे जायचं आणि संक्रांतीला तेच ताट तिळगूळ घेऊन कुणाकडून परत यायचं, कुणाच्या बाळंतपणात ती रात्रभर बसली होती, हे विचारा. 1951 पासूनचं सोलापूर त्या बायकांनी तिच्यासोबत काढलं आहे. गिरण्यांचे भोंगे असल्यापासून ते भोंगे बंद पडेपर्यंत.

आता तुमच्या पत्राकडे वळते. तुम्हाला लिहिता येत नाही म्हणता, आणि पत्रात सगळं लिहून ठेवलं आहे.

बोटांवरचा जप. ओल्या हातात माळ धरता येत नाही. पण दशकात नमो मारिया दहा, आणि बोटं दहा. आईला रात्री अडीच वाजता, डोक्यावर वीस घागरींचं काम असताना, यापेक्षा जास्त काही लागत नव्हतं. हॉलमधल्या प्रत्येक बाईला ती रात्र माहीत आहे, तिचा धर्म कुठलाही असो. बोलायला तिथूनच सुरुवात करा.

मुंबईची गोष्टही सांगा, आणि आई सांगायची तशीच सांगा. पोप पॉल सहावे हे भारतात आलेले पहिले पोप. त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. तोवर आमची मिस्सा लॅटिनमध्ये होती. "एत कुम स्पिरितू तुओ" आम्ही खणखणीत म्हणायचो, अर्थ एका अक्षराचा कळत नव्हता. तुमच्या आईनेही ऐकून ऐकूनच पाठ केलं असणार. मग व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा आपल्या भाषेत आली आणि इतकी वर्षं आपण काय म्हणत होतो ते बायकांना कळलं. हरेगावच्या मुलीला, मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेच्या गावातल्या मुलीला, देवाशी मराठीत बोलायची सवय होतीच. चर्चमध्येही ती मुभा मिळाली तेव्हा ती तिशीत होती. पुण्याच्या मुंबईच्या नातवंडांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणि आता गुरुवार. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 च्या ऑक्टोबरात जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्यं घातली. तोवर गुरुवारी आनंदाची रहस्यं म्हणत. जन्मभराची ती सवय सत्तरीत बदलायची म्हणून तो कागद. तुम्ही लिहिता, एक दशक झालं की ती गप्प व्हायची. पहिलं रहस्य येशूचा बाप्तिस्मा. दुसरं कोणतं, ते कपाट उघडून बघा. काना गावचं लग्न. मारिया त्या लग्नाला गेली होती. द्राक्षारस संपल्याचं आधी तिच्याच लक्षात आलं, यजमानांची लाज जाऊ नये म्हणून तिनेच मुलाला सांगितलं.

आईच्या मनात त्या वेळी काय होतं, हे मी ठरवणारी कोण. पण दर गुरुवारी तिला हे लग्न म्हणावं लागत होतं, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नाला ती गेली नव्हती. रोज रात्रीचं ते जास्तीचं दशक "बाहेर असलेल्यांसाठी" होतं. तुमच्या घरातून बाहेर कोण होतं, दादा?

आईची बाजू नातवंडांना नीट कळायला हवी. कॅथलिक मुलीने बिशपांची परवानगी न घेता कोर्टात लग्न केलं तर चर्च ते लग्न मानत नाही, तिला कम्युनियन घेता येत नाही. आईला लोक काय म्हणतील याची भीती असेलही. पण लेक ख्रिस्तप्रसादाला मुकली, हे दुःख तिला आतून पोखरत असणार. तरीही दहा वर्षं न बोलणं चुकलं. माझं मत विचाराल तर स्पष्ट चुकलं. ज्या लेकीसाठी रात्री जप करायचा तिला सकाळी एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं.

हॉलमध्ये हे बोलायचं का, हे मात्र तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. ती दहा वर्षं जेवढी आईची, तेवढीच बहिणीची आहेत. तिला फोन करा. जास्तीच्या दशकाचं सांगा, गुरुवारचं सांगा. तिला हे माहीत असेल असं मला वाटत नाही. ती नको म्हणाली तर एक शब्द काढू नका, तुमची पाच मिनिटं पाण्याच्या घागरींनी आणि मुंबईच्या गर्दीने भरतील. ती हो म्हणाली तर तुम्ही "जेवलीस का?" पर्यंत सांगा आणि थांबा. पुढचं तिला बोलावंसं वाटलं तर खुर्ची पुढे ठेवा.

भाषणाचा कागद मोठ्या अक्षरात लिहा, आवाज भरून आला की बारीक अक्षर दिसत नाही. पुतण्या येणार असेल तर प्रकाशाची पाच रहस्यं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, अक्षर त्याचंच आहे. पण कपाटावरचा कागद सोडवायला जाऊ नका. वीस वर्षांचा गोंद आहे, फाटेल. फोटो काढून न्या.